'आज जाने की ज़िद ना करो' शिकताना गेलेला दीड महिना

गेल्या वर्षी गणपती बसायच्या आधी आमच्या अपार्टमेंटची मीटिंग झाली, त्यात कोजागिरीचा विषय निघाला आणि दरवर्षी नुसतं दूध, भेळ आणि हाऊजी एवढंच होतं तर यंदा गाणीबिणी ठेवू या असं ठरलं. खालच्या मजल्यावरच्या वहिनींनी लगेच माझं नाव सांगितलं, म्हणाल्या ह्या गाणं शिकल्यात. शिकले होते खरं, गांधर्व महाविद्यालयाची मध्यमा परीक्षा पूर्ण केलेली, पण ते लग्नाआधी, त्याला वीस वर्षं होऊन गेली. तरी मी हो म्हणलं. कुठलं गाणं म्हणणार असं विचारल्यावर विचार न करताच तोंडातनं निघालं, आज जाने की ज़िद ना करो.

ह्याला कारण आहे. आमच्या ह्यांची नोकरी चाकणला, आम्ही सांगलीत विश्रामबागला. सहा वर्षं झाली, शनिवारी पहाटे येतात आणि रविवारी रात्रीच्या ट्रॅव्हल्सनं परत जातात. रविवारी दुपारचं जेवण झालं की घरात एक वेगळीच शांतता पसरते, बॅग अर्धी भरलेली कॉटवर असते, मी डबा करत असते, आणि मधेच मी म्हणते, उद्या पहाटे जावा की. ते म्हणतात, अगं पहिली शिफ्ट आहे. एवढंच. दर रविवारी हेच दोन वाक्यं. तर हे गाणं मला कधी लांबचं वाटलंच नाही, त्यातली बाई जे मागते तेच मी स्वयंपाकघरातनं मागत असते.

मला तोवर हे गाणं एकाच आवाजात माहीत होतं, आशाताईंच्या, म्हणजे आशा भोसलेंच्या. आमच्या आत्याकडं त्यांची २००५ ची सीडी होती, त्यात त्यांनी मेहदी हसन, गुलाम अली, फरीदा खानम आणि जगजीत सिंग ह्या चौघांच्या गजला आपल्या आवाजात गायल्या होत्या, सोमेश माथुर यांनी नव्या साउंडमध्ये केलेल्या. आशाताईंचा जन्म सांगलीचा, १९३३ चा, त्यामुळं आमच्याकडं त्यांच्याविषयी बोलताना घरच्या माणसाविषयी बोलल्यासारखंच बोलतात. आत्या तर ती सीडी लावून म्हणायची, बघ, ७२ व्या वर्षी हा आवाज. मी पण तशीच ऐकत आले. फरीदा खानम हे नाव सीडीच्या कव्हरवर वाचलं होतं, पण कधी मुद्दाम शोधून ऐकलं नव्हतं, आणि हे आता लिहिताना मला खरंच वाईट वाटतंय.

मी मार्केट यार्डात एका हळदीच्या अडत दुकानात हिशोब बघते. आमचा खरा सीझन फेब्रुवारीपासनं उन्हाळ्यापर्यंत, तेव्हा डोकं वर काढायला वेळ नसतो, पण सप्टेंबर-ऑक्टोबरला जरा निवांत असतं. तर पहिले आठ-दहा दिवस मी दुकानात एका कानात इअरफोन घालून आशाताईंचंच ऐकत होते, वहीत शब्द लिहून घेतले, जागा, म्हणजे गाण्यातल्या खास हरकती, पाठ केल्या, कुठं आवाज सोडायचा, कुठं हसल्यासारखा करायचा सगळं. घरी आल्यावर मोबाइलवर एक कराओके ट्रॅक लावून म्हणायचे. आणि काही केल्या ते होत नव्हतं. स्वर लागत होते, शब्द चुकत नव्हते, पण रेकॉर्डिंग करून ऐकलं की कुणीतरी घाईघाईत निरोप सांगून निघाल्यासारखं वाटायचं. थांब म्हणणारी बाई स्वतःच पळत होती.

शेवटी मिरजेला बाईंकडं गेले. माझ्या लहानपणच्या गाण्याच्या बाई, ब्राह्मणपुरीत राहतात, आता पंचाहत्तरी झालीय, गुडघ्यामुळं खाली बसत नाहीत, खुर्चीवरनं शिकवतात. वीस वर्षांनी गाणं घेऊन गेले तरी त्यांनी कुठं होतीस वगैरे काही विचारलं नाही, नुसतं म्हणाल्या, म्हण. मी मुखडा म्हणला. त्यांनी डोळे मिटून ऐकलं आणि म्हणाल्या, कुणाचं ऐकून बसवलंस? आशाताईंचं म्हणल्यावर मान हलवली, "आशाबाईंचं चांगलंच आहे गं. पण तू त्यांच्या जागा उचलल्यास, त्या जागा त्यांच्या गळ्याच्या आहेत. आधी फरीदा खानमचं ऐक, रोज ऐक, आणि आठ दिवस गायचं नाही."

हे आठ दिवस न गाता नुसतं ऐकणं माझ्यासाठी सगळ्यात अवघड आणि सगळ्यात कामाचं ठरलं.

फरीदाबाईंची ह्या गाण्याची एक रेकॉर्डिंग नाहीय, कितीतरी मैफिलींतली आहेत आणि प्रत्येक वेळी त्या वेगळं गातात. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला आवडलं नाही हे खरं सांगते. आवाज जाडसर वाटला, लय फारच सावकाश, एक ओळ संपली की त्या पुढं जायचं नावच घेत नाहीत, तीच ओळ परत, परत, आणि प्रत्येक वेळी दुसऱ्याच शब्दावर जोर. तिसऱ्या दिवशी दुकानातनं परत येताना स्कूटी सिग्नलला थांबली होती आणि कानात 'हाय' हा शब्द आला, त्यांनी तो म्हणलाय असं वाटतच नाही, श्वास सोडता सोडता तोंडातनं सुटलाय असं वाटतं, आणि मला एकदम आमचं स्वयंपाकघर दिसलं. मागच्यांनी हॉर्न वाजवले तेव्हा कळलं सिग्नल सुटलाय.

मग मी त्यांच्याविषयी वाचायला लागले. जन्म कलकत्त्याचा, वाढल्या अमृतसरला, थोरली बहीण मुख्तार बेगम स्वतः नावाजलेली गायिका, आणि फरीदाबाईंची तालीम पतियाळा घराण्याच्या उस्ताद आशिक अली खाँकडं. म्हणजे सुगम गाणाऱ्या बाई म्हणून मी ज्यांना समजत होते त्यांच्या मागं अख्खी ख्याल-ठुमरीची तालीम होती, आणि तीच त्या सावकाश लयीत त्यांना सांभाळून धरत होती. हे कळल्यावर बाईंनी मला आठ दिवस गप्प का बसवलं ते लक्षात आलं.

आठ दिवसांनी परत गेले तर बाईंनी पेटी काढलीच नाही. म्हणाल्या, हात पुढं कर आणि ताल मोज. मी आपली आठ मात्रांत मोजायला लागले, कराओके ट्रॅकची सवय, तीन आवर्तनांत, म्हणजे तालाच्या तीन फेऱ्यांत, सगळं विस्कटलं. दीपचंदी आहे गं ही, म्हणाल्या. चौदा मात्रा. तीन, चार, तीन, चार. धा धीं ऽ, धा गे तीं ऽ, ता तीं ऽ, धा गे धीं ऽ. पहिल्या मात्रेवर टाळी, चौथीवर टाळी, आठवीला खाली, म्हणजे टाळी न देता हात मोकळा, अकरावीला टाळी. परीक्षेला हे सगळं घोकलेलं होतं, कागदावर लिहूनही आले होते, पण त्या तिनाच्या आणि चाराच्या झोक्यात शब्द बसवायचे म्हणजे काय हे पहिल्यांदा हाताला कळलं. तीन मात्रा पटकन सरतात आणि चार मात्रांत थोडी जास्तीची जागा मिळते, परत तीन, परत चार. कुणीतरी निघालंय, दारापर्यंत गेलंय आणि परत जरा मागं आलंय असं काहीतरी त्या तालातच आहे. फरीदाबाई ह्या जागेचा पुरेपूर वापर करतात, तबला पुढं जात असतो आणि त्या मागं रेंगाळत असतात, आता ही सम, म्हणजे तालाची पहिली मात्रा, गेलीच म्हणता म्हणता अलगद येऊन टेकतात. मी तीन दिवस नुसती पोळ्या लाटताना, भांडी घासताना तीन-चार-तीन-चार मोजत होते, मुलगी म्हणाली आई तू काय पुटपुटतीयेस.

उच्चारांचं तर वेगळंच प्रकरण. मला वाटत होतं माझं हिंदी चांगलं आहे. बाईंनी पहिल्याच ओळीला थांबवलं. आपल्या मराठीत 'जाणं' म्हणताना ज आपण दातांशी नेऊन म्हणतो, जग, जमीन, जावई म्हणतो तसा, आणि 'जिद्द' म्हणताना मात्र ज टाळूला लागतो, जीव, जिरं म्हणतो तसा. उर्दूत बरोब्बर उलटं आहे. 'जाने' मधला ज टाळूचा आणि 'ज़िद' मधला दातांशी घासत जाणारा. म्हणजे माझ्या तोंडात ह्या एका ओळीतले दोन्ही ज उलटे बसले होते! दोन दिवस मी आरशासमोर उभं राहून हे दोन शब्द म्हणत होते. आणि गंमत म्हणजे ते सुधारल्यावर ओळीची चाल पण सुधारली, कारण ज़ वर तोंडात हवा जराशी अडते, तिथं आपोआप थांबायला होतं, आणि हट्टाचा शब्द तोच आहे. आशाताईंचं परत ऐकलं तर त्यांचे हे दोन्ही ज किती स्वच्छ आहेत ते आत्ता कळलं, सांगलीत जन्मलेल्या मराठी बाईनं ते कमावलेत हे कळल्यावर मला त्यांचा जास्तच अभिमान वाटला.

ह्या सगळ्यात एका रात्री मी हे गाणं मुळात कुठलं ते शोधत बसले आणि मला धक्का बसला. हे बाईचं गाणंच नव्हतं. १९७३ च्या 'बादल और बिजली' ह्या पाकिस्तानी सिनेमात ते पुरुषाच्या आवाजात आहे, हबीब वली मोहम्मद यांच्या. शब्द फैयाज़ हाशमी, संगीत सोहेल राणा. हबीब वली मोहम्मद हे व्यापारी घराण्यातले, पोटापाण्याचा उद्योग वेगळा आणि गाणं वेगळं, त्यामुळं की काय त्यांच्या गाण्यात कसब दाखवायची घाई कुठंच नाही. आवाजात किंचित कंप, सरळ गातात, तान नाही, पलटा नाही. एखादा शांत स्वभावाचा माणूस आयुष्यात पहिल्यांदा मनातलं बोलतोय आणि बोलून झाल्यावर आता काय म्हणतील ह्या काळजीत गप्प बसलाय असं ते ऐकताना वाटतं. मी हे रविवारी ह्यांना ऐकवलं. ह्यांना गाण्यातलं फार काही कळत नाही पण त्यांनी पूर्ण ऐकलं, आणि म्हणाले, हे बरोबर वाटतंय, माणूस असाच म्हणेल. मग थोड्या वेळानं म्हणाले, आम्ही तर एवढं पण म्हणत नाही. त्यावर मी काही बोलले नाही, डब्यात चटणी भरत होते.

फैयाज़ हाशमी हे नाव मात्र मला कुठंतरी ऐकल्यासारखं वाटत होतं. पपांना फोन केला, त्यांना तलत म्हणजे जीव की प्राण. ते लगेच म्हणाले, अगं 'तस्वीर तेरी' चे शायर! तलत महमूदची १९४४ ची ती रेकॉर्ड, कमल दासगुप्तांची चाल, तिनंच तलतचं नाव घरोघरी गेलं. म्हणजे माझ्या पपांच्या आवडीचं गाणं आणि माझं गाणं एकाच माणसानं लिहिलेलं, मधे तीस वर्षं. पपा फोनवर अर्धा तास बोलत होते, एरवी दोन मिनिटांत ठेवतात.

आणि मग मी ह्या चौघांची जन्मगावं एका कागदावर लिहिली. शायर कलकत्त्याचे, संगीतकार आग्र्याचे, पहिला गायक रंगूनचा, आणि ज्यांनी हे गाणं जगभर नेलं त्या फरीदाबाई कलकत्त्याच्या. चौघंही आपापली गावं सोडून पाकिस्तानात गेलेली माणसं. गाण्यात फाळणीविषयी एक अक्षर नाही, साधी प्रेमातली विनवणी आहे, तरी तो कागद बघितल्यावर 'जाने की' हे दोन शब्द मला पहिल्यासारखे ऐकू येईनात.

अजून एक गोष्ट बाईंनी सांगितली, की ही गजल नव्हे, नज़्म आहे. गजलेत प्रत्येक शेर आपापल्या पायावर उभा असतो, एखादा गाळला तरी चालतं, गाणारे तर मैफिलीत हवे ते शेर निवडतात. नज़्मेत एकच विचार सुरुवातीपासनं शेवटापर्यंत चालत जातो. मी वेळ कमी म्हणून एक कडवं गाळायचं ठरवलं होतं, नेमकं तेच ज्यात आयुष्य वेळेच्या कैदेत आहे आणि मोकळे क्षण थोडेच आहेत असं ती म्हणते. बाई म्हणाल्या, तेच काढलंस तर ती कशासाठी थांब म्हणतीय? नुसताच लाडाचा हट्ट होईल. मी ते कडवं परत घेतलं. ट्रॅव्हल्सच्या वेळेवर आठवडा मोजणाऱ्या बाईनं ते गाळायचं मनात आणलंच कसं कोण जाणे.

नवीन पिढीचं पण ऐकलं, मुलीमुळं. तिला हे गाणं 'ऐ दिल है मुश्किल' मुळं माहीत, २०१६ चा सिनेमा, त्यात शिल्पा राव यांनी गायलंय. मुलगी म्हणाली आई तुमच्या फरीदा खानम ग्रेट असतील पण मला हेच जवळचं वाटतं. मी हेडफोन लावून नीट ऐकलं. आवाजात एक हवा मिसळल्यासारखी आहे, माईकच्या अगदी जवळ, कुजबुजल्यासारखं, शेजारी बसून फक्त एकालाच ऐकू जाईल असं. मला त्यात फरीदाबाईंची ती ऐट सापडत नाही, फरीदाबाई थांब म्हणतात तेव्हा समोरचा थांबणारच हा विश्वास असतो, इथं तो नाही, इथं जाणारा बहुतेक जाणारच आहे. पण मुलीचं वय सतरा, तिला तेच खरं वाटतं, आणि तिचंही बरोबर आहे असं मला वाटतं. आम्ही दोघी त्या रात्री एक वाजेपर्यंत आलटून पालटून लावत होतो, हे ऐक, आता हे ऐक, आता ह्यातला 'पहलू' कसा म्हणलाय ऐक. शेजारच्या खोलीत सासूबाई झोपलेल्या, म्हणून एकच हेडफोन दोघींच्या कानाला.

त्याच रात्री तिनं मला अजून एक दाखवलं, फरीदाबाई २०१५ मध्ये पाकिस्तानच्या कोक स्टुडिओ ह्या गाण्याच्या कार्यक्रमात हेच गाणं गायल्या तो व्हिडिओ. वय ऐंशीच्या घरातलं. आवाज आता पूर्वीसारखा ऐकत नाही, वरचा स्वर लावताना अडखळतो, काही जागा त्या अर्ध्यावरच सोडून देतात. मी तोवर इतक्या वेळा त्यांची जुनी रेकॉर्डिंग ऐकली होती की पुढं कुठली जागा येणार हे मला पाठ, आणि त्या जागेशी आल्यावर त्या जे गाळत होत्या ते माझ्या डोक्यात वाजत होतं. आणि तरीसुद्धा लयीवरचा ताबा तसाच! शब्द कुठं टाकायचा आणि कुठं थांबायचं ते तसूभर हललेलं नाही. पोरगी रडत होती. मला म्हणाली, आता ह्या कुणाला थांब म्हणतायत गं? मी मोबाइल बंद केला.

कार्यक्रमाच्या पंधरा दिवस आधी मी आत्याचा तानपुरा घरी आणला. मोबाइलच्या ॲपवर तानपुरा लावून चाललं होतं, पण बाई म्हणाल्या खरा लाव, कानाला सवय होऊ दे. पंधरा वर्षं कपाटावर पडून होता, तारा गंजलेल्या, आवाज नुसता ठण ठण. मिरजेत सतारमेकरांकडं नेला. मिरजेच्या सतार-तानपुऱ्याला २०२४ मध्ये जीआय टॅग, म्हणजे त्या गावच्या वस्तूची अधिकृत ओळख, मिळाला, पेपरात फोटो आले होते, पण त्या गल्लीतलं काम तेच पिढ्यान्‌पिढ्यांचं. दुकानात भिंतीला वाळलेले भोपळे टांगलेले, लाकडाचा भुसा, पॉलिशचा वास. त्यांनी तारा बदलल्या आणि जवारी काढायला, म्हणजे तारा गुंजाव्यात म्हणून घोडी घासायला, बसले. घोडीवरनं कानस एकदा फिरवायची, तार छेडायची, कान जवळ न्यायचा, परत एकदा, परत ऐकायचं. घासणं दिसतच नाही इतकं थोडं. चार तारांना तास-दीड तास. मग तारेखाली सुताचा दोरा सरकवायला लागले, केसाएवढा पुढं, केसाएवढा मागं, आणि एका जागी एकदम त्या ठण आवाजाची झालर उघडली, गुंजन सुरू झालं, दुकानभर. मी विचारलं तुम्हाला कसं कळतं की हीच जागा. म्हणाले, ताई, आम्ही जागा शोधत नाय, आवाज यायची वाट बघतो. मी ते वहीत लिहून ठेवलंय.

त्या तानपुऱ्यावर मी पट्टी, म्हणजे ज्या स्वरावरनं गाणं धरायचं तो, खाली आणली. माझी पट्टी काळी चार, परीक्षेपासनं तीच, आणि मी हट्टानं तिथंच म्हणत होते कारण वरचा स्वर तिथं चमकतो. बाईंनी पांढरी चारला म्हणायला लावलं. सुरुवातीला आवाज बसल्यासारखा वाटला, खालचे स्वर लागेनात, पण चार दिवसांनी आवाजात एक बोलल्यासारखा पोत आला. विनवणी कुणी चढ्या आवाजात करत नाही हे मला त्या दिवशी गळ्यातनं कळलं. यमन कल्याण रागाच्या अंगाचं गाणं आहे, बाईंनी पंधरा मिनिटं नुसता यमन म्हणून घ्यायला लावला रोज, मग यमन कल्याणमधला शुद्ध मध्यम दाखवला, तीव्र मध्यमाच्या घरात पाहुण्यासारखा येणारा, दोन गंधारांच्या मधे अलगद टेकून जाणारा. जोर देऊन लावलास तर घालवशील, म्हणाल्या.

तबल्याला आमच्याच बिल्डिंगमधला मुलगा होता, वालचंद कॉलेजला इंजिनिअरिंग करतो. त्यानं आधी सरळ सांगितलं, काकू मी दीपचंदी फारशी वाजवलेली नाही. मग आम्ही दोघांनी मिळून बसवली, पार्किंगमध्ये, रोज रात्री जेवणं झाल्यावर. त्याची एक सवय होती की मी रेंगाळले की तोही माझ्यासाठी थांबायचा, बिचारा सांभाळून घ्यायचा. त्याला सांगितलं, तू थांबू नकोस, तू गेल्याशिवाय मी मागं राहिले हे कळणार कसं. ते त्याला इतकं पटलं की पुढच्या रात्रीपासनं एकदम घट्ट ठेका धरून बसला.

कोजागिरी मंगळवारी आली होती किंवा सोमवारी, आठवड्यातलीच होती, त्यामुळं हे नव्हते. गच्चीवर सतरंज्या, एका बाजूला दुधाचं पातेलं, पोरांची पळापळ. माझा नंबर भेळेनंतर. कराओके नाही, माझी पेटी, तानपुऱ्यावर मुलगी, तबल्यावर तो मुलगा. पहिली ओळ जराशी कापरी गेली. दुसऱ्या आवर्तनात मी आत शिरले. आशाताईंची एक जागा माझ्या गळ्यातनं न ठरवता आलीच, इतकी वर्षं ऐकलेली, ती कुठं जाणार, आणि मी ती येऊ दिली. ते वेळेच्या कैदेचं कडवं मी हबीबसाहेबांसारखं सरळ म्हणलं, काहीही न करता. 'हाय' मात्र नीट झाला नाही. तो श्वास सोडता सोडता यायला पाहिजे आणि माझा श्वास आधीच संपला होता, त्यामुळं तो म्हणल्यासारखा आला. लोकांना कळलं नसेल, मला कळलं. पहिल्या मजल्यावरचे आजोबा नंतर जवळ येऊन म्हणाले, फार वर्षांनी कुणी घाई न करता गाणं म्हणताना ऐकलं. दुधाचा पेला हातात देऊन गेले.

त्याच्या पुढच्या रविवारी ह्यांनी स्वतःहून विचारलं, ते गाणं म्हणून दाखवशील का. मुलीनं व्हिडिओ पाठवला होता पण ते म्हणाले, त्यात पोरांचा आरडाओरडाच जास्त आहे. साडेनऊ झाले होते, बॅग दाराशी. मी तानपुरा मांडीवर घेतला, तबला नाही, पेटी नाही, मनातल्या मनात तीन-चार-तीन-चार. मुखडा म्हणला, परत म्हणला, आणि 'हाय' त्या दिवशी आपोआप सुटला, जिथं सुटायला पाहिजे होता तिथं. ते खाली बघत होते. पहिलं कडवं निम्म्यात होतं तेवढ्यात त्यांचा फोन वाजला, ट्रॅव्हल्सवाला, दादा कुठाय, गाडी चौकात उभी आहे. त्यांनी फोन कानाला लावला आणि म्हणाले, पाच मिनिटं थांबवा की.